अकरा दहाचा चुकलेला ठेका

१

रहिमतपूरच्या सप्त्यात काल्याचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं, आणि बरोबर साडेदहाला मांडवभर मोबाईल घुरघुरले.

एक नाही, दोन नाही, चांगले पन्नास-साठ. सतरंजीखाली कुणी भुंगे सोडावेत तसे. पुढच्या रांगेत बसलेल्या मनुआक्कांच्या कपाळाला आठी पडली. चौतीस वर्षं त्यांनी साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली होती, पण कीर्तनात फोन वाजला की त्यांना कुणी देवघरात चप्पल घालून शिरल्यासारखं वाटे. त्यांनी आपली पिशवी मांडीखाली सरकवली आणि डोळे मिटून घेतले.

वर नाथाजी बुवा रंगले होते. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात त्यांच्या गजराची चाल ठाऊक नसलेला माणूस सापडायचा नाही. 'नाथाजींची चाल' म्हणूनच ती ओळखली जाई. आज त्यांच्यामागे पखवाजावर होते कुतुबुद्दीन मेस्त्री. पंचक्रोशीतले पखवाज मढवणारे आणि वेळ पडली तर वाजवणारे. वय बहात्तर, पण बोटं विशीतली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी बुवा थांबले. पखवाजाकडं बोट दाखवून म्हणाले,

"मायबाप, पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापतात. ती वाळली, की घुमारा गेला. ध्यानात ठेवा, कोरड्या कणकेला नाद नाही, अन् कोरड्या डोळ्याला देव नाही!"

मांडव हलला. म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावले. मनुआक्कांच्याही तोंडून "वा!" निघून गेलं. आणि त्याच क्षणी कधी न चुकणाऱ्या मेस्त्रींचा हात चुकला. समेची थाप पडलीच नाही.

काला झाला, हंडी फुटली, लाह्या-दह्याचा प्रसाद हातावर पडला. आक्कांनी मग कुठं फोन बाहेर काढला. 'श्रवणकट्टा' उघडला. कीर्तनवेड्यांचं संकेतस्थळ ते. सहा हजार सभासद, जुन्या-नव्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणं, खाली प्रतिक्रिया, वादावादी, नमस्कार-चमत्कार. सगळ्यात वर कुतुबुद्दीन मेस्त्रींच्या खात्यावरून आलेली पोस्ट होती. वेळ : १०:३०.

'सभासदहो, कै. हरिबा बुवांच्या नावानं मी टाकलेलं ध्वनिमुद्रण खोटं आहे. आवाज दुसऱ्याचा आहे. दुसरी बाजू तर नाहीच. माफी असावी. कुतुबुद्दीन मेस्त्री.'

आक्कांच्या हातातलं दही तसंच राहिलं. हरिबा बुवांचा जगातला एकुलता एक उरलेला आवाज, आणि तो खोटा?

मांडवाच्या कडेला कुणीतरी म्हणालं, "तरीच थाप चुकली! मन खातं गड्या माणसाला."

२

हरिबा बुवांना जाऊन तीस वर्षं झाली. ते कधी रेकॉर्डिंग करू देत नसत. फक्त एकदा, एक्क्याण्णव साली, मेस्त्रींनी पखवाजाशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून एक कीर्तन कॅसेटवर धरलं. यंदा मेस्त्रींच्या लेकीनं, अकिलानं, ती कॅसेट साताऱ्याला नेऊन उतरवून आणली आणि वडिलांच्या खात्यात चढवली. पहिली बाजू ऐकून चार हजार लोकांनी प्रतिक्रिया लिहिल्या. पुढच्या रविवारी सांगलीत कट्ट्याचा मेळावा होता. तिथं मेस्त्रींचा सत्कार व्हायचा होता आणि दुसरी बाजू सगळ्यांनी मिळून ऐकायची होती. मेस्त्रींनी स्वतःच जाहीर केलं होतं, 'दुसऱ्या बाजूत बुवा एका चालीबद्दल बोलले आहेत. सांगलीत ऐकवीन.'

मेळाव्याचे प्रमुख होते निवृत्त सुभेदार उदयसिंह. आक्कांनी त्यांना स्वैपाकाच्या मांडवात, भाताच्या पातेल्याशेजारी गाठलं.

"सत्कार रद्द, आक्का. त्या वेळात आमच्या मंडळाचं भजन लावतो."

"म्हंजे तुमचा फायदाच झाला म्हणायचा."

"आवं, माझ्यावर संशय घेताय व्हय? साडेदहाला मी हितं भात ढवळत हुतो!"

"कुणी बघितलं?"

"भातानं," सुभेदार चिडून म्हणाले. मग आवाज उतरला. "मला बी वाईट वाटतंय. पण मेस्त्री इच्यारलं तर बोलत न्हाईत. शुक्रवारपातूर काय ते शोधा. मग मी पत्रिका बदलणार."

सोमवारी सकाळी आक्का मेस्त्रींच्या दुकानात गेल्या. कातडी, वाद्या, शाईचं भांडं, सगळं जागच्या जागी. पण हत्यारं खुंटीला. मेस्त्री भिंतीला टेकून बसलेले.

"मेस्त्री, ती पोस्ट तुमी न्हाई लिहिली."

"न्हाई. पण कोण ऐकतंय, आक्का? माझ्या नावावर हाय न्हवं."

"मी तेव्हा घरात एकटीच होते," चहा घेऊन आलेली अकिला फणकारली. "लोक म्हणतात मीच बटण दाबलं. खरंय, मी म्हणते आब्बांना, आता पुरं करा, पाठ धरते, सप्ते सोडा. म्हणून काय त्यांच्या नावाला काळं फासीन?"

"खातं कोण उघडतं?"

"आम्ही दोघंच. पासवर्ड दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही."

"काय हाय पासवर्ड?"

"आब्बा, सांगू नका हां!"

"नका सांगू," आक्का म्हणाल्या. "मीच सांगते. रामकृष्णहरी."

बापलेक एकमेकांकडं बघतच राहिले. मेस्त्री पुटपुटले, "तुमाला कसं..."

"माझा बी त्योच हाय. माझ्या विहीणबाईंचा बी त्योच. कट्ट्यावर निम्म्यांचा त्योच असंल." आक्कांनी कपाळावर हात मारला. "घराला कुलूप लावलंय, पण किल्ली समद्या गावाच्या तोंडात हाय!"

अकिला हसली. मेस्त्रींचे ओठही हलले. मग आक्कांनी हळूच विचारलं,

"ती कॅसेट?"

"उतरवल्यावर दुसऱ्या दिवशी फीत तुटली. फोन भरला म्हणून फोनमधली प्रत बी पुसली. दुसरी बाजू खात्यात कच्च्या खर्ड्यात ठेवली हुती. आता खर्डा उघडला तर कायबी न्हाई."

"आणि मेस्त्री, काल अकरा-दहाला थाप का चुकली?"

मेस्त्री भिंतीकडं वळून म्हणाले, "ते सोडा."



३

नाथाजी बुवांचं घर सांगलीत. मंगळवारी आक्का पोचल्या तेव्हा बुवा झोपाळ्यावर बसले होते. उठून आले, हाताला धरून बसवलं, खडीसाखर पुढं केली. माणूस गोड, यात शंकाच नाही.

"फार वाईट झालं, आक्का. मेस्त्री माझ्या थोरल्या भावासारखे. पण वय झालं, मोह पडला असेल. आपण क्षमा करावी."

"तुमी हरिबा बुवांचे पट्टशिष्य. पहिल्या बाजूचा आवाज त्यांचा वाटला का न्हाई?"

"कसं सांगू? त्या कीर्तनाला मी नव्हतो. त्या दिवशी खंडाळ्याला होतो, कार्य होतं." बुवांनी सुस्कारा सोडला. "आणि साडेदहाला तर मी पाचशे माणसांपुढं उभा. तुम्ही स्वतः समोर होता."

"हुते की. मला लय आवडलं कीर्तन." आक्कांनी फोन काढला. श्रवणकट्ट्यावर एक सोय होती. ध्वनिमुद्रण ऐकताना एखादी जागा आवडली की तिथं खूण ठेवता येई, त्या क्षणाची घड्याळातली वेळ आपोआप पडे, शेजारी दोन शब्द लिहिता येत. आक्कांच्या खुणांची यादी म्हणजे त्यांचं जपाचं पुस्तकच. "ही बघा, परवाच्या कीर्तनातली. अकरा दहा. 'कोरड्या कणकेला नाद नाही, अन् कोरड्या डोळ्याला देव नाही.' पुढं मी लिहिलंय, 'वा!' कुठनं आणला हो हा दृष्टांत? कुठल्या पोथीतला?"

बुवांचा चेहरा फुलला. कीर्तनकाराला दृष्टांताची तारीफ म्हणजे मुंगीला गूळ.

"पोथीतला नाही. माझाच. तिथं उभ्या उभ्या सुचला. देवानं ओठांवर ठेवला म्हणा ना."

"आधी कवा म्हटला न्हवता?"

"कधीच नाही."

"मग आदल्या दिवशी बसून जुळवला न्हाई? शनिवारी मुक्कामाला हुता न्हवं रहिमतपुरात?"

"हो. दुपारी पंगतीला गेलो नाही. उपास होता. खोलीत जरा पडलो."

आक्कांनी नमस्कार केला, खडीसाखर पदराला बांधली. दारापर्यंत सोडायला बुवा स्वतः आले आणि हलकेच म्हणाले,

"एवढी धावपळ कशाला, आक्का? दुसरी बाजू आता कुणाला मिळायची नाही."

एस्टीत बसल्यावर आक्का बराच वेळ त्या वाक्यापाशी अडून राहिल्या. बाजू नाहीच, असं पोस्टमध्ये लिहिलं होतं. मिळायची नाही, असं माणूस कशाबद्दल म्हणतो?

४

श्रवणकट्टा चालवणारी शिवांजली कराडजवळ मलकापूरला राहायची. तिशीची इंजिनीअर, कीर्तन आजोबांकडून वारशात आलेलं. बुधवारी तिनं आक्कांना संगणकासमोर बसवलं.

"आक्का, कुणाच्या हातानं झालं ते मला दिसत नाही. कधी झालं तेवढं दिसतं. आता बघा, मेस्त्रींच्या एरवीच्या पोस्टच्या वेळा. नऊ सतरा, सहा त्रेचाळीस, आठ एक्कावन्न. आणि ही?"

"बरोब्बर साडेदहा."

"कारण ही वेळ लावून ठेवलेली पोस्ट आहे. सभासदांना सोय आहे ना, आज लिहा, उद्या अमुक वाजता आपोआप दिसेल. ही लिहिली शनिवारी दुपारी दीडला."

आक्का खुर्चीत सरळ झाल्या.

"आणखी एक. दुसऱ्या बाजूचा खर्डा शनिवारी एक बावीसला काढून टाकलाय. पण काढायच्या आधी तो एकदा ऐकलाय. शेवटपर्यंत, एक्केचाळीस मिनिटं."

"मेस्त्रींनी ऐकला असंल?"

"त्या वेळी ते पंगतीत वाढत होते. फोटो टाकलेत लोकांनी, हातात बुंदीचं ताट. फोन कदाचित खिशात असेल, पण एक्केचाळीस मिनिटं कुणी बुंदी वाढत कीर्तन ऐकतं?"

"मग त्यो खर्डा गेला कायमचा?"

शिवांजली हसली. "नाही. काढलेलं तीस दिवस सभासदाच्या कचरापेटीत असतं. फार कुणाला माहीत नाही. पण ती त्यांची खासगी पेटी. त्यांच्या परवानगीशिवाय मी हात लावणार नाही."

आक्कांनी तिथूनच फोन लावला. बाजू सापडली हे ऐकून मेस्त्री गदगदले. आणि मग म्हणाले, "नका ऐकू, आक्का."

"का?"

"त्यात माझी एक लाज हाय. ती कापून मग ऐकवणार हुतो. तशी नका ऐकू."

शिवांजलीनं हात वर केले. संपलं! पण एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं लोकांच्या गप्प राहण्याचेही प्रकार ऐकलेली बाई ती. आक्कांनी अंधारात खडा टाकला.

"मेस्त्री, तुमची लाज अकरा-दहाला पाचशे माणसांनी ऐकलीया. म्हणून थाप चुकली. व्हय का न्हाई?"

पलीकडून बारीक आवाज आला, "मला वाटलं, बुवांनी नाथाजीलाबी सांगितलं हुतं. माझ्या एकट्यापुरतं न्हवतं... ऐका मग. काय राहिलंय आता."

शिवांजलीनं खर्डा परत आणला आणि ऐकल्याचा आकडा हलू नये म्हणून आपल्या संगणकावर उतरवून लावला. खरखर, टाळांचा गजर, आणि मधेच पखवाजाचा घुमारा बसला. तरुण कुतुबुद्दीनच्या पखवाजाची कणीक वाळून सुटली होती. गजर चालूच होता. पण टेपरेकॉर्डर पखवाजाला खेटून होता म्हणून बुवांचा खाली वाकून कुजबुजलेला आवाज त्यात आला होता.

आक्कांनी ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग पुढचं सगळं, अगदी शेवटपर्यंत ऐकलं. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या,

"शिवा, सुभेदारांना फोन लाव. पत्रिका बदलू नका म्हणावं."

५

सांगलीच्या सभागृहात रविवारी सकाळी दहाला मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर सुभेदार, प्रमुख पाहुणे म्हणून नाथाजी बुवा, आणि कोपऱ्यात अकिलानं जवळजवळ ओढून आणलेले मेस्त्री. त्यांच्यापुढं त्यांचाच पखवाज. लोक त्यांच्याकडं बघून कुजबुजत होते. मान वर करायची त्यांची तयारी नव्हती.

आक्का ध्वनिक्षेपकापुढं उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

"रामकृष्णहरी. हा माझा पासवर्ड हाय. तुमच्यातल्या कितीजणांचा हाय?"

आधी एक हात वर गेला, दहा गेले, शंभर गेले. हसण्याचा असा लोंढा आला की सुभेदारांनीही ओशाळून हात वर केला.

"म्हंजे मेस्त्रींच्या खात्यात कुणीबी जाऊ शकत हुतं. तवा कोण गेलं ते बगू. ती पोस्ट आदल्या दिवशी वेळ लावून ठेवलेली. आता घड्याळ कोण लावंल? ज्याला त्या वेळेला आपण दुसरीकडं दिसायला पायजे त्यो. अकिला घरात एकटी. सुभेदार भातापाशी, साक्षीला निस्ता भात." सुभेदार खाकरले. "वेळ लावून ह्या दोघांना काय मिळालं? कायबी न्हाई. साडेदहाला पाचशे माणसांच्या डोळ्यांपुढं दोघंच हुती. एक पखवाजावर, एक वीणा गळ्यात घिऊन."

नाथाजी बुवांनी उपरणं सारखं केलं. "आक्का, सांभाळून बोला."

"बोलत न्हाई. ऐकवते. आधी गेल्या रविवारचं कीर्तन. नाथाजींनी मला सांगितलंय, हा दृष्टांत त्यांना तिथंच सुचला, आधी कवाच म्हटला न्हाई."

शिवांजलीनं कळ दाबली. नाथाजींचा खणखणीत आवाज घुमला, 'कोरड्या कणकेला नाद नाही, अन् कोरड्या डोळ्याला देव नाही!'

"आता एक्क्याण्णव सालची दुसरी बाजू. नाथाजी त्या दिवशी खंडाळ्याला हुते. आणि हे बोलणं मांडवातबी कुणी ऐकलेलं न्हाई."

खरखर. टाळ. बसलेला पखवाज. आणि पस्तीस वर्षांपलीकडून हरिबा बुवांचा मायेचा, खाली वाकलेला आवाज आला,

'कुतुब, घाबरू नगं. कोरड्या कणकेला नाद न्हाई, अन् कोरड्या डोळ्याला देव न्हाई. पाणी लाव गड्या, दोन्हीकडं.'



"सप्त्यातल्या शनिवारी दुपारी, समदी पंगतीत असताना, कुणीतरी ही बाजू पुरी ऐकली आणि पुसली," आक्का म्हणाल्या. "चोरी मुरली असती. पण कीर्तनकाराच्या पोटात चांगला दृष्टांत टिकत न्हाई हो! दुसऱ्याच दिवशी ओठावर आला. नाथाजी, मी तुमाला दोष द्यायच्या आधी एक सांगते. त्यो दृष्टांत तुमी म्हटला तसा दुसऱ्या कुणाला म्हणता आला नसता."

नाथाजी बुवा उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. काहीतरी बोलू गेले, तोवर ध्वनिमुद्रण पुढं सरकलं होतं. हरिबा बुवा आता मोठ्यानं, सगळ्या मांडवाला सांगत होते,

'मायबाप, आता नवी चाल म्हणतो. ही माझी न्हाई बरं का. पहाटं आमचा कुतुब पखवाज लावत बसला हुता, त्याच्या बोटांतनं निघाली. उद्या कुणी माझी म्हणंल तर खोटं.'

आणि गजर सुरू झाला. गेली पंचवीस वर्षं जी चाल सातारा-सांगलीत 'नाथाजींची' म्हणून गाजत होती, तीच.

नाथाजी मेस्त्रींसमोर जाऊन बसले. खालीच, जमिनीवर.

"बुवांनी मला चाल दिली तेव्हा तुझं नाव सांगितलं होतं, कुतुब. ते मी गिळलं. तू पंचवीस वर्षं गप्प राहिलास आणि माझ्यामागं वाजवत राहिलास. दुसरी बाजू येणार म्हटल्यावर माझी बुद्धी फिरली. पोस्ट मी लिहिली. बाजू मी पुसली." त्यांनी मेस्त्रींचा हात धरला. "तू मला कधीच का नाही बोललास?"

मेस्त्री पहिल्यांदा मान वर करून बोलले.

"तू गोड म्हणत हुतास रं. चाल लोकांपातूर पोचत हुती. माझं नाव कशाला पायजे? बाजू काढली ती बुवांच्या आवाजापायी. पण बुवांचा आवाज खोटा म्हटलास, त्ये मातर लय लागलं."

नाथाजींनी गळ्यातला पाहुण्याचा हार काढून मेस्त्रींच्या गळ्यात घातला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मेस्त्रींनी त्यांना उठवून छातीशी धरलं. सुभेदार उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. मग सभागृह उठलं. टाळ्या कधी थांबल्या आणि टाळ कधी वाजू लागले, कुणालाच कळलं नाही.

अकिलानं परातीत कणीक भिजवली. मेस्त्रींनी डाव्या अंगाला गोळा थापला. तेवढ्यात शिवांजली फोन घेऊन आली.

"काका, दुसरी बाजू तुमच्याच हातानं प्रकाशित करा. पण आधी पासवर्ड बदललाय ना?"

"कालच. लय अवघड ठेवलाय. कुणाला यायचा न्हाई."

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "पुंडलिक वरदा!"

मेस्त्रींचं तोंड उघडंच राहिलं. "आता ह्यो बी बदलायला पायजे!"

हसून हसून आक्कांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मेस्त्रींनी बटणावर बोट ठेवलं. कणकेनं माखलेलं बोट, फोन काही घेईना. दोनदा दाबलं, तीनदा दाबलं. शेवटी आक्कांनी तांब्या पुढं केला.

"पाणी लावा, मेस्त्री."

बोट धुतलं, पुसलं, आणि बाजू कट्ट्यावर लागली. खाली आकडा दिसला. 'ऐकलं : १'. तो शनिवारच्या दुपारचा एक. बघता बघता त्याचे चाळीस झाले, चारशे झाले. पण तो आकडा बघायला सभागृहात कुणाला सवड नव्हती. नाथाजींनी टाळ उचलला होता, मेस्त्रींच्या पखवाजातून खर्जाचा पहिला घुमारा निघाला होता, आणि दीड हजार माणसं कुतुबच्या चालीत गजर करत होती.

समेवर थाप पडली. तंतोतंत.

आक्कांनी फोन पिशवीत खोल दाबला आणि डोळे मिटले.